बाडापासून ऑनलाइन टिपणवहीपर्यंत

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासाला ‘लेखनक्रियानिरूपण’ असे नाव आहे. मोक्षाचा विचार सांगणाऱ्या ग्रंथात लेखणी, शाई, कागद आणि अक्षराचे वळण यांच्यासाठी अख्खा एक समास खर्ची पडावा, याचे नवख्या वाचकाला नवल वाटते. परंतु छापखाना नव्हता आणि ग्रंथ टिकलाच तर तो नकलून घेणाऱ्याच्या हातून टिकत असे, त्या काळात सुवाच्य अक्षर ही परमार्थाचीच बाब होती. त्या समासात समर्थांनी एक अगदी व्यवहाराची सूचना केलेली आहे. लिहिताना मजकुराभोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. लिहिणाऱ्याने लिहितानाच कागदाच्या नाशाची तरतूद करून ठेवावी, असा तिचा अर्थ. पानाच्या कडेच्या त्या कोऱ्या जागेलाही मराठीत ‘समास’ हाच शब्द रूढ आहे, हा योगायोग मोठा गोड आहे.

जुन्या मराठी घरांतून आणि मठांतून ‘बाड’ नावाची एक वस्तू असे. लांबट, अरुंद, आखूड बाजूने शिवलेली वही. तिची पाने वर उलटावयाची. एकाच बाडात अभंग, पदे, आरत्या, एखादे स्तोत्र आणि मधेच कोठे तरी एखादे औषध, असा सारा संसार नांदत असे. धन्याला जे जपून ठेवावेसे वाटले ते त्याने उतरून घेतलेले. क्रम एवढाच की जे आधी मिळाले ते आधी. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावच्या रामदासी मठांतून अशी बाडे गोळा करून धुळ्यास आणली, आणि संप्रदायाच्या वाङ्मयाचा केवढा तरी भाग त्यामुळे वाचला. बाडाचा मूळ धनी कोण, तो केव्हा वारला, हे पुष्कळदा कळत नाही. तरीही बाड वाचता येते. त्याला किल्ली लागत नाही, वाचता येणारा माणूस तेवढा लागतो.

बाडाचा दोष मात्र उघड आहे. त्यात हवे ते सापडत नाही. शंभर पानांच्या वहीत धन्याला सापडते, कारण ते त्याच्या स्मरणात असते. वह्या दहा झाल्या की स्मरणही थकते. युरोपातील विद्वानांना हीच अडचण पडली होती. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने तिच्यावर काढलेला उपाय १६८६ साली एका फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वहीच्या आरंभीची दोन पाने सूचीसाठी राखून ठेवावयाची, प्रत्येक अक्षराचे पाच स्वरांप्रमाणे पाच भाग पाडावयाचे, आणि टिपणाच्या मथळ्यातील पहिले अक्षर व त्यामागून येणारा पहिला स्वर पाहून पृष्ठांक त्या घरात मांडावयाचा. मराठी माणसाला ही युक्ती समजावून सांगण्याचे कारण नाही. पाटीवर बाराखडी गिरवलेल्या कोणाही मुलाला ती आपोआप येते. पण हजारो टिपणांच्या धन्याला एवढ्या साध्या कोष्टकाने केवढा दिलासा मिळाला असेल, याची कल्पना करता येईल.

याहून धीट कल्पना लॉकच्या आधी शंभरावर वर्षे झुरिचच्या कॉनराड गेस्नरने मांडली होती. त्याने १५४५ साली ज्ञात ग्रंथांची प्रचंड सूची प्रसिद्ध केली आणि १५४८ च्या ग्रंथात आपली रीत सांगितली. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे, प्रत्येक टिपण कात्रीने वेगळे कापावे, आणि त्या चिठ्ठ्या हव्या त्या क्रमाने लावाव्यात. वहीतील टिपण शिवणीत अडकलेले असते. चिठ्ठी मोकळी असते, ती आज एका विषयात आणि उद्या दुसऱ्या विषयात बसते. वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनेही आयुष्याच्या उत्तरार्धात अशाच सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या वापरल्या. पुढे ग्रंथालयांनी त्यांना जाड कार्डाचे रूप दिले आणि लाकडी खणांत बसवले.

चिठ्ठीचे सामर्थ्य पाहावयाचे तर दूर जाण्याची गरज नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ निवडले गेले. शब्द, त्याचे स्थळ, त्याचा संदर्भ असे एकेका चिठ्ठीवर उतरवता उतरवता चिठ्ठ्यांची संख्या १ कोटीच्या घरात गेली. कोशाचा पहिला भाग १९७६ साली बाहेर पडला. २०२० पर्यंत प्रसिद्ध झालेले सारे खंड ‘अ’ या एकाच अक्षराच्या पोटातले आहेत. ही संथ गती पाहून कोणी हसेल. परंतु १९५० च्या सुमारास लिहिलेली चिठ्ठी आजचा संपादक हातात घेतो आणि ती लिहिणाऱ्याला न विचारता तिच्यावरून पुढचे वाक्य लिहितो. हे भाग्य फार थोड्या टिपणांच्या वाट्याला येते.

ब्रुसेल्सच्या पॉल ओत्ले यांच्या वाट्याला ते आले नाही. त्यांनी १८९५ पासून आंरी ला फोंतेन यांच्यासह जगातील सर्व ग्रंथांची आणि विषयांची कार्डे करण्याचा उद्योग आरंभला, आणि कार्डांची संख्या १ कोटीच्या वर नेली. पत्राने प्रश्न विचारावा आणि कार्डांच्या आधारे उत्तर टपालाने यावे, अशीही सोय त्यांनी केली होती. घरबसल्या टेबलावर पडदा असावा आणि दूरच्या ग्रंथालयातील पान त्यावर दिसावे, हे स्वप्न त्यांच्या १९३४ च्या ग्रंथात आहे. त्याच वर्षी सरकारने त्यांच्या संग्रहाची जागा बंद केली. १९४० साली जर्मन सैन्य आले, संग्रह हलवला गेला आणि त्यातील पुष्कळसा नष्ट झाला. ओत्ले १९४४ साली वारले. उरलेली कार्डे आज मॉन्स या बेल्जियममधील गावी एका संग्रहालयात पाहावयास मिळतात. कागदाला वाळवी लागते तशी राजसत्ताही लागते.

टिपण जपणे ही एक गोष्ट झाली. टिपण पचवणे ही दुसरी. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रीडर म्हणून गेले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे आणि राजपुत्रांना शिकवणे हे त्यांचे काम. त्यासाठी ते वाचत, टाचणे करीत, ती पुन्हा लिहीत. त्या शिकवणीच्या टिपणांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ निघाली आणि पुढे ‘मराठी रियासती’ची थोर मालिका उभी राहिली. म्हणजे पोटासाठी केलेल्या टिपणवहीतून मराठ्यांचा इतिहास निघाला. टाचण हाताने उतरवताना काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निवाडा दर ओळीला करावा लागतो, आणि इतिहासकार घडतो तो त्या निवाड्याने.

उलट इतिहासाचार्य राजवाडे. दप्तरांच्या शोधात त्यांनी देश पालथा घातला, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचे २२ खंड प्रसिद्ध केले, आणि त्याखेरीज व्याकरण, व्युत्पत्ती, धातू यांवर टिपणांचे ढीग रचले. १९२६ साली धुळ्यास त्यांचे देहावसान झाले तेव्हा त्यातील कितीतरी काम अपुरे होते. १९२७ साली त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ निघाले आणि त्यांचा धातुकोश त्यांच्या मागे इतरांनी सिद्ध करून छापला. कागद मागे राहिले म्हणून हे शक्य झाले. त्या कागदांना एकमेकांशी जोडणारा धागा मात्र राजवाड्यांच्या डोक्यात होता, आणि तो त्यांच्याबरोबर गेला.

हा धागाच कागदावर उतरवण्याचा यत्न जर्मनीत निक्लास लूमान या समाजशास्त्रज्ञाने केला. लूमान आरंभी सरकारी नोकरीत होते. १९५० नंतर लवकरच त्यांनी चिठ्ठ्या लिहावयास घेतल्या आणि मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत, म्हणजे सुमारे ४५ वर्षे, तो क्रम सोडला नाही. एकूण चिठ्ठ्या सुमारे ९०,०००. महागड्या कार्डांच्या भानगडीत ते पडले नाहीत. साधा पातळ कागद, प्रसंगी जुन्या कागदाची कोरी पाठ, त्यांना चाले. विषयवार कप्पे त्यांनी कसोशीने केले नाहीत. प्रत्येक चिठ्ठीला एक कायमचा क्रमांक होता. ५७/१२ या चिठ्ठीवर नवे काही सुचले की नवी चिठ्ठी ५७/१२अ होऊन तिच्या मागे बसे. तिच्यातून फाटा फुटला की ५७/१२अ१. शिवाय एका चिठ्ठीत दूरच्या दुसऱ्या चिठ्ठीचा क्रमांक लिहून ठेवलेला असे. गावातील घरांना क्रमांक असावेत आणि प्रत्येक घराने आपल्या सोयऱ्यांची घरे दाराशी लिहून ठेवावीत, तसा हा प्रकार.

या पेटीशी आपला संवाद चालतो, असे लूमान म्हणत, आणि १९८१ साली त्यांनी त्यावर एक निबंधही लिहिला. एखादा शब्द घेऊन पेटीत शिरावे तो क्रमांकांच्या वाटेने भलत्याच खणात पोहोचावे, आणि वीस वर्षांपूर्वीचे स्वतःचेच विधान परक्यासारखे भेटावे, हा त्या संवादाचा आनंद. लोक ती पेटी पाहावयास येत आणि निराश होऊन परतत, कारण पाहण्यासारखे तीत काहीच नव्हते. १९९८ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर ५० हून अधिक पुस्तके आणि शेकडो लेख होते. बीलेफेल्ड विद्यापीठाने २०११ साली पेटी मिळवली आणि २०१९ पासून तिच्यातील चिठ्ठ्या इंटरनेटवर वाचावयास खुल्या होऊ लागल्या. येथे धनी गेल्यावरही धागा राहिला, कारण तो शाईने लिहिलेला होता.

अशी पेटी यंत्राने चालवावी ही कल्पना अमेरिकेत निघाली. वॅनिवार बुश हे दुसऱ्या महायुद्धात तेथील शास्त्रीय संशोधनाचे सूत्रधार होते. जुलै १९४५ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात त्यांनी ‘मेमेक्स’ नावाच्या एका यंत्राचे वर्णन लिहिले: मेजाच्या आकाराचे, पोटात सूक्ष्म फिल्मवर उतरवलेले ग्रंथ आणि पत्रे, वर दोन पडदे. दोन मजकूर शेजारी आणून कायमचे जोडावयाचे आणि अशा जोडांची एक वाट तयार करावयाची. क्रुसेडमध्ये तुर्कांचे आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्याहून सरस का ठरले, याचा शोध घेणारा अभ्यासक हे बुश यांनी दिलेले उदाहरण. ते यंत्र कधीच बांधले गेले नाही. पण युद्ध संपताना फिलिपिन्समधील लेटे बेटावर रेडक्रॉसच्या एका वाचनालयात डग्लस एंगलबार्ट या तरुण नौसैनिकाने तो लेख वाचला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने माऊस, पडदा आणि एकमेकांस जोडलेली टिपणे यांचे प्रात्यक्षिक हजारभर तज्ज्ञांना करून दाखवले. मधल्या काळात, १९६५ साली, टेड नेल्सन यांनी अशा जोडलेल्या मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले होते.

वर्ल्ड वाइड वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याची सुरुवातही अशाच खासगी गरजेतून झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत माणसे येतात, दोन वर्षे राहतात आणि आपल्याबरोबर आपली माहिती घेऊन जातात. तेव्हा कोण कशावर काम करतो याची आठवण ठेवण्यासाठी त्याने १९८० साली ‘एन्क्वायर’ नावाचा एक प्रोग्रॅम स्वतःपुरता लिहिला. संस्था सोडताना तो प्रोग्रॅम असलेली फ्लॉपी त्याने तेथेच ठेवली, आणि ती पुढे हरवली. मार्च १९८९ मध्ये त्याने संस्थेपुढे जो नवा प्रस्ताव मांडला त्याच्या मुळाशी हीच माहिती हरवण्याची तक्रार होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेब सर्वांना विनामूल्य खुले केले.

नेल्सन यांचा आग्रह होता की जोड दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे. वेबवरील दुवा एकाच बाजूचा असतो. ज्या पानाकडे बोट दाखवले ते पान काढून टाकले गेले तर बोट तसेच हवेत राहते. या सोपेपणामुळेच वेब वेगाने पसरले, हे मान्य केले पाहिजे. परंतु टिपणे ठेवणाऱ्याच्या दृष्टीने ती उणीव मोठी होती. ती भरून काढण्यासाठी निरनिराळी ऑनलाइन साधने निघाली. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली ‘विकी’ सुरू केली. २००३ साली ‘डिलिशस’ आले. वेबवरील आवडलेले पान तेथे नोंदवावे आणि त्यास आपल्या मनाचे शब्द खुणेसाठी जोडावेत. २००६ साली गूगलने ‘नोटबुक’ काढली. २००८ साली ‘एव्हरनोट’ सर्वांसाठी खुले झाले. छायाचित्र, कात्रण, पावती, बोललेले वाक्य, जे हाती लागेल ते त्यात टाकावे आणि कोठूनही शोधावे. लॉकच्या कोष्टकाची, गेस्नरच्या कात्रीची, लूमानच्या क्रमांकांची सारी कामे आता यंत्र पापणी लवायच्या आत करू लागले. फक्त सरदेसायांचा निवाडा तेवढा मागे पडला. अख्खा लेख एका बोटाने साठवता येतो तेव्हा तो वाचण्याची घाई राहत नाही, आणि साठवलेल्यापैकी पुष्कळसे पुन्हा उघडलेच जात नाही.

ही टिपणे राहतात दुसऱ्याच्या घरी, आणि घरधनी आपल्या सोयीने घर मोडतो. डिलिशस २००५ साली याहूने विकत घेतले. डिसेंबर २०१० मध्ये ते बंद होणार अशी बातमी फुटली आणि वर्षानुवर्षे नोंदी जमवलेल्या लोकांची धावपळ उडाली. पुढे ते या हातातून त्या हातात गेले आणि २०१७ साली एका प्रतिस्पर्ध्याने विकत घेऊन तेथे नवी नोंद करणे थांबवले. गूगलची नोटबुक २०१२ साली मिटली, जरी तिच्यातील मजकूर दुसऱ्या सेवेत हलवून दिला गेला. २०१३ च्या जुलैत ‘गूगल रीडर’ बंद झाले. नंतर वाचण्यासाठी लेख राखून ठेवणारे ‘पॉकेट’ जुलै २०२५ मध्ये संपले. शंभर वर्षे टिकेल अशी संस्था उभारावयाची, असे एव्हरनोटचे चालक एके काळी सांगत. डिसेंबर २०१६ मध्ये यंत्रशिक्षणाच्या कामासाठी काही कर्मचाऱ्यांना ग्राहकांची टिपणे वाचता येतील असे धोरण त्या कंपनीने जाहीर केले आणि ओरड होताच मागे घेतले. पुढे मालकी बदलली, आणि डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्याला ५० टिपणांची मर्यादा पडली. या कंपन्यांनी वचनभंग केला असे म्हणता येत नाही. वचन त्यांनी दिलेलेच नव्हते. बाडाच्या धन्याने कागद विकत घेतला होता. येथे वापरणाऱ्याच्या हाती आहे ते केवळ उघडण्याची परवानगी.

मराठी टिपणांवर आणखी एक संकट येऊन गेले, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. १९९० नंतर महाराष्ट्रात आणि बाहेरच्या मराठी वस्त्यांत संगणकावर देवनागरी लिहिले जाऊ लागले. तेव्हा प्रत्येक फॉन्टची संकेतव्यवस्था वेगळी होती. पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या पोटात एखादे रोमन अक्षर असे. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की सारा मजकूर निरर्थक रोमन चिन्हांचा ढिगारा होई. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, परंतु घराघरांतील संगणकांत ती पोहोचण्यास २००० साल उजाडले. मधल्या दहापंधरा वर्षांत लिहिलेली कित्येक टिपणे, वंशावळी, शब्दसंग्रह आज फायलींच्या रूपाने शाबूत आहेत आणि रूपांतराचे साधन हाती असल्याखेरीज वाचता येत नाहीत. मोडी दप्तरांची हीच गत झाली: कागद भरपूर, वाचणारे मोजके. पण मोडी वाचणारा शिकवून तयार करता येतो. त्या मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये घर मिळाले.

या अनुभवांनी काही लोक सावध झाले. जॉन ग्रूबर यांनी २००४ साली ‘मार्कडाउन’ ही लिहिण्याची एक साधी रीत प्रसिद्ध केली. तिच्यात मथळा, ठसा, दुवा हे सारे साध्या चिन्हांनी दाखवतात, आणि कोणतेही खास सॉफ्टवेअर नसले तरी मजकूर डोळ्यांनी वाचता येतो. २०२० साली आलेले ‘ऑब्सिडियन’ टिपणे अशाच साध्या फायलींत आणि वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर ठेवते, आणि नेल्सन यांना हवे होते तसे दोन्हीकडून जोड दाखवते. उद्या ऑब्सिडियन बंद पडले तर जोडांचा नकाशा जाईल. अक्षरे जाणार नाहीत. कागदाच्या कडा झडतील ही धास्ती बाळगून केलेली ही रचना आहे.

प्रत्येकाला एवढी खटपट करणे जमत नाही, म्हणून काही देशांनी हा प्रश्न कायद्याकडे नेला. २५ मे २०१८ पासून युरोपीय संघात लागू झालेल्या नियमाच्या विसाव्या कलमाने नागरिकाला एक हक्क दिला. आपण दिलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत घ्यावी आणि दुसऱ्या सेवेकडे न्यावी. भारतात न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने त्याच वर्षी सादर केलेल्या मसुद्यात हा हक्क होता. संसदेने २०२३ साली मंजूर केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात ते कलम राहिले नाही. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि खोडून टाकावयास लावण्याचा हक्क त्या कायद्यात लिहिला आहे; ती उचलून दुसरीकडे नेण्याचा नाही.